सुमतीबाई आणि नापास बटण

सुमतीबाई खांबेटे यांनी आयुष्यात एकदाही ‘चालेल, चालेल’ असे म्हटल्याचे कुणाच्या ऐकिवात नाही. बघायला आलेल्या मुलाला त्यांनी शिक्षण, पगार, आवडीनिवडी यांपैकी काही विचारले नव्हते. ‘दार ओढलं गेलं आणि किल्ली आतच राहिली, तर तुमच्याकडे काय करतात?’ एवढेच विचारले होते. मुलाला उत्तर सुचले नाही. मंडळी चहा घेऊन परत गेली. आठवड्याने निरोप आला की शेजारी एक जादा किल्ली ठेवली आहे, आणि लग्न ठरले. पुढे शेजारी बदलत गेले. प्रत्येक नव्या शेजाऱ्याकडून सुमतीबाईंनी कुलूप प्रत्यक्ष उघडून घेतले, कारण किल्ली असणे वेगळे आणि ती लागणे वेगळे.

याला मराठीत खुसपटे काढणे म्हणतात. माहेर, सासर आणि खांदा कॉलनीतली सोसायटी या तिन्ही संस्थांचे सुमतीबाईंबद्दल हेच मत होते. तीन संस्थांचे एका मुद्द्यावर एकमत होणे आपल्याकडे दुर्मीळ, पण ते झाले होते.

पनवेलच्या एका कॉलेजात त्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. मुले लंबकाचे झोके न मोजताच वहीत उत्तरे उतरवीत आणि सुमतीबाईंना ते लांबूनच कळे. खरे आकडे जरा वाकडे असतात, खोटे सरळ रांगेत येतात, हे त्यांनी तिथे शिकून घेतले. पुढे भौतिकशास्त्राला मुले मिळेनाशी झाली, विभाग बंद पडला आणि बाई पंचावन्नाव्या वर्षी घरी आल्या. नवऱ्याने धास्तावून त्यांना योगवर्गाला जाण्याचे सुचवले. पहिल्या दिवशी बाईंनी सतरंजी घसरते हे दाखवून दिले.

त्याच सुमारास सोसायटीत एक अॅप आले. वरच्या मजल्यावरच्या अवधूतने ते बनवले होते. गाडी कुठे लावायची, पाणी कधी येणार, सभासद कोण, असे सगळे त्यात होते. अवधूतला लहानपणी बाईंनीच पाढे शिकवले होते, म्हणून तो त्यांना काकू म्हणे. अॅप आल्याच्या संध्याकाळी काकूंचा त्याला निरोप गेला: ‘मी बी विंगच्या पाण्याच्या टाकीत राहते आणि माझा जन्म उद्या होणार आहे. तुझ्या अॅपनं दोन्ही मान्य केलं आहे.’

अवधूत खाली आला. “काकू, मोठ्या कंपन्यांत हे करायला माणसं ठेवतात. टेस्टर म्हणतात त्यांना. पगार देतात.”

“मग दे की,” बाई म्हणाल्या.

अशा रीतीने एका स्वभावदोषाचे नोकरीत रूपांतर झाले.

अवधूतची कंपनी नवीन पनवेलमध्ये औषधाच्या दुकानावर होती. माणसे हाताच्या बोटांवर मावतील एवढीच. त्यातला मुख्य प्रोग्रामर निनाद. हुशार, मितभाषी, आणि आपण लिहिलेल्या ओळींवर आईबापांसारखे प्रेम करणारा. त्याच्या ओळी चालतात की नाही हे कंपनीत आधीही तपासले जाई, पण तपासण्याची रीत साधी होती. एसीत बसायचे, चांगला फोन घ्यायचा, जिथे दाबायचे तिथे दाबायचे. सुमतीबाई चष्मा काढून तपासू लागल्या. ओल्या बोटांनी. लिफ्टमध्ये शिरताना, जिथे नेट जाते. एका हातात भाजीची पिशवी घेऊन. बॅटरी मरायला टेकलेली असताना. मध्येच फोन आला तर काय होते, घाबरून मागे गेले तर कुठे जातो, चुकीचे दाबले तर परत फिरता येते का.

“मॅम, असं कोण वापरतं?” निनादने पहिल्या आठवड्यात विचारले.

“मी,” बाई म्हणाल्या, आणि त्याला आणखी काही सापडलेले दाखवले.

यातून जे पार पडेल त्याच्याखाली बाई सही करीत. ही सहीसुद्धा त्यांनीच आणलेली. तपासले म्हणणाऱ्याचे नाव कुठेतरी हवे, असा हट्ट धरून त्यांनी अवधूतकडून प्रत्येक करारात तसे कलम घालून घेतले होते. अवधूतने ते हसत हसत घातले. त्याला तेव्हा ‘एक हाक’ची कल्पना नव्हती.

‘एक हाक’ हे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठीचे बटण होते. फोनवर एक मोठे लाल वर्तुळ. पडलो, छातीत दुखले, घाबरायला झाले, तर ते दाबायचे. फोन लागे तो अवधूतच्याच ऑफिसच्या मागच्या खोलीत, जिथे निशा आणि तिच्या जोडीची एक मुलगी पाळीपाळीने बसत. त्यांनी विचारपूस करायची आणि गरज पडली तर शेजारी, मुलगा, डॉक्टर यांना पळवायचे. पनवेलात मुले परदेशी आणि आईबाप चौथ्या मजल्यावर, अशी घरे रग्गड. कल्पना चांगली होती. बाईंनीही ती चांगली असल्याचे कबूल केले, आणि ऑफिसात सगळ्यांनी माना वर करून पाहिले.

गिऱ्हाईकही चांगले मिळाले होते. काशिरामशेठ ठाकूर हे उलव्यातले बिल्डर. त्यांचे आजोबा, वडील मिठागरावर राबलेले. विमानतळाने जमिनीचे सोने केले आणि काशिरामशेठनी त्या सोन्याचे टॉवर केले. नव्या टॉवरमधल्या प्रत्येक फ्लॅटला हे बटण देणार, असे त्यांनी जाहिरातीत छापून टाकले होते. दसऱ्याला मोठा कार्यक्रम होता. तोवर त्यांच्या आधीच्या टॉवरमधल्या काही ज्येष्ठांना फोन देऊन महिनाभर वापरून बघायचे ठरले. त्या ज्येष्ठांत शेठच्या आई गुणाबाईही होत्या. मुलाच्या घरी न राहता त्या अकराव्या मजल्यावर एकट्या राहत, आणि याला त्या स्वातंत्र्य म्हणत.

महिन्याचा अहवाल उत्तम होता. फोन लागतात, लगेच उचलले जातात, कुणाची तक्रार नाही. फक्त एक गोष्ट वाकडी होती. गुणाबाई ठाकूर यांच्या नावावर ‘चुकून दाबले’ अशा नोंदी लागोपाठ होत्या.

“खेळत असतील,” अवधूत म्हणाला. “म्हातारं माणूस, नवा फोन. त्यांना यादीतून काढू या, बाकी सगळं हिरवं आहे.”

“चुकून दाबलं हे कोण ठरवतं?” बाईंनी विचारले.

निनादने सांगितले, आणि त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. बटण खिशात, पर्समध्ये आपोआप दाबले जाते. म्हणून, पलीकडे फोन उचलायच्या आत माणसाने स्वतः कट केला, तर अॅप ते चुकून दाबले असे धरते, निशाला त्रास देत नाही आणि पडद्यावर हिरवी खूण करून लिहिते, ‘आपण सुरक्षित आहात याचा आम्हाला आनंद आहे.’ असे लागोपाठ तीनदा झाले की फोन खिशात आहे असे समजून बटण थोडा वेळ राखाडी होते, म्हणजे दाबूनही लागत नाही.

“छान लिहिलंयस,” बाई म्हणाल्या. निनादला ते कौतुक वाटले.

बाई मात्र अहवालाकडे बघत राहिल्या. बाकीच्यांचे आकडे एका रांगेत, आणि एकाच बाईचे वाकडे. प्रयोगशाळेत असे दिसले की त्या आधी वाकड्याकडे जात.

दुसऱ्या दिवशी त्या रिक्षाने उलव्याला गेल्या. दोन्ही बाजूंना क्रेन, खड्डे, डंपर आणि ‘येथे स्वर्ग साकारत आहे’ असे फलक होते. स्वर्ग अजून पत्र्याआड होता.

गुणाबाईंनी दार उघडले. नऊवारी, कानात सोन्याच्या जड कुड्या, आणि गळ्यात दोरीने अडकवलेला फोन. “ये बाय, बस,” त्या म्हणाल्या. “फोनवाल्यांची का तू? बरा झाला आलीस. मना भांडायचाच होता.”

“कशावरून, मावशी?”

“तुमची लोका लय उर्मट हाय. मी मिस कॉल देते, परत कोन लावीत नाय. एकदा नाय, तीन वेला. मानसाला रीत नको?”

सुमतीबाईंनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. “तुम्ही मिस कॉल दिलात? बटण दाबून?”

“मग काय करू? दाबला, एक वाजू दिला, कट केला. समजायला नको समोरच्याला? म्हातारी कशाला उगाच मिस कॉल देईल?”

“पण मावशी, तो फोन फुकट आहे. कट नाही केला तरी चालतो.”

“फुकट हाय म्हनून काय वाजवीत बसायचा?” गुणाबाईंना हे पटणे शक्य नव्हते. “काशिराम शिकायला होता तवापासून आमचा असाच हाय. एक वाजला की त्याला कलतो, आई बोलावते.”

मग त्यांनी आवाज उतरवला, घरात तिसरे कुणी नसतानाही. गेल्या पंधरवड्यात एका सकाळी त्या न्हाणीघरात घसरल्या होत्या. मुलाने परदेशी फरशी घातली होती, आरशासारखी. कंबर धरून त्या पडून राहिल्या, गळ्यातल्या फोनचे बटण दाबले, एकदा वाजू दिला, कट केला आणि वाट बघितली. चष्मा बेसिनवर होता. पडद्यावर काहीतरी हिरवे दिसले. हिरवे म्हणजे निरोप पोचला, माणूस निघाला, असे त्यांनी धरले. कुणी आले नाही. पुन्हा दाबले, पुन्हा हिरवे. तिसऱ्यांदा झाले आणि मग बटण राखाडी पडले. अखेर बादली पुढे ढकलीत, तिच्यावर जोर देत त्या उठल्या.

“काशिरामला सांगू नको हां,” त्या म्हणाल्या. “नायतर उचलून त्याचे घरी नेईल मना.”

“नेलं तर काय झालं?”

“तिकरं सून हाय,” गुणाबाई म्हणाल्या. विषय संपला.

सुमतीबाईंनी वचन दिले. रिक्षात बसल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपल्या हातात असलेला एकमेव पुरावा आपण आत्ताच स्वखुशीने परत केला आहे.

ऑफिसात त्यांनी पडण्याचा भाग वगळून बाकीचे सांगितले.

“मॅम, युजरनं कट केलं म्हणजे युजरला नको आहे,” निनाद म्हणाला. “हे लॉजिक आहे.”

“तू होस्टेलला असताना आई मिस कॉल द्यायची?”

“रोज.”

“मग तू काय समजायचास? आई सुरक्षित आहे, याचा आनंद आहे?”

निनादने जरा विचार केला. “तेव्हा बॅलन्स नसायचा. आता सगळं अनलिमिटेड झालंय.”

“बॅलन्सचं झालं असेल. अंगठ्याला अजून कुणी कळवलेलं नाही.”

अवधूत मध्ये पडला. त्याचे म्हणणेही अगदीच टाकाऊ नव्हते. प्रत्येक कट झालेल्या फोनला परत फोन लावायचा, तर निशा दिवसभर लोकांच्या खिशांशी बोलत बसेल. मग खऱ्या हाकेला उचलणार कोण? “आणि काकू, दसरा तोंडावर आहे. सहीशिवाय करार पुरा होत नाही. ते कलमही तुमचंच. हा करार गेला तर ही जागासुद्धा सोडावी लागेल आपल्याला.”

“मग निनादची सही घे.”

“टेस्टरची लागते!” अवधूत जवळजवळ ओरडला. “एका म्हातारीसाठी अडवताय तुम्ही.”

“तू ते एका म्हातारीसाठीच केलंयस ना रे? का तरण्याताठ्यांसाठी केलंस? तसं असेल तर लिहून दे, आत्ता सही करते.”

अवधूतने लिहून दिले नाही. बाईंनी अहवालावर ‘नापास’ लिहिले.

एका माणसावरून निष्कर्ष काढू नये हे बाईंनाही मान्य होते. त्या निनादला घेऊन खांदा कॉलनीतल्या बागेत गेल्या, जिथे निवृत्त मंडळींचा कट्टा भरतो. बाई कुणाला कसे करा हे सांगत नसत. सांगितले की माणूस परीक्षा देतो, वापरत नाही. फोन हातात देऊन त्या एवढेच म्हणत, “समजा, तुम्ही घरी एकटे आहात आणि पडलात.” मग गप्प राहून अंगठ्याकडे बघत. काहींनी फोन कानाला लावून धीराने वाट पाहिली. पण बऱ्याच जणांचा अंगठा एकदा वाजताच फोन कट करायच्या लाल खुणेवर गेला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी तर कट केल्यावर ठामपणे सांगितले की आपण कट केलाच नाही.

“साहेब, हे बघा, हिरवं आलं.”

“ते तुमच्या अॅपनं केलं असेल. माझा हात लागलेला नाही.”

“हे मी असं धरलंच नव्हतं,” परतताना निनाद पुटपुटला. “माणसाला स्वतःलाच माहीत नसतं तो काय करतोय.”

“म्हणून तर मला पगार मिळतो,” बाई म्हणाल्या.

निनादचे मन वळले, पण अवधूतचे वळले नाही. शेठला बागेतल्या पेन्शनरांशी काय देणेघेणे, असे त्याचे म्हणणे पडले. शेठ हो म्हणाले की काकूंना सही करावीच लागेल, या हिशेबाने त्याने उलव्याच्या साइट ऑफिसात बैठक ठरवली. बाई म्हणाल्या, “येते की.” अवधूत लहानपणापासून त्यांना ओळखत होता. त्याने तेव्हाच सावध व्हायला हवे होते.

काशिरामशेठचे ऑफिस गारेगार होते. बाहेर डंपरची धूळ, आत काचेच्या पेटीत टॉवरची छोटी प्रतिकृती, तिच्याभोवती धूळविरहित झाडे. शेठ पांढऱ्या शर्टात, मोकळ्या स्वभावाचे. “दाखवा,” म्हणाले.

त्यांनी स्वतः बटण दाबले. फोन कानाला लावला आणि शांतपणे थांबले. निशाने उचलला. इतक्या गोड आवाजात चौकशी केली की शेठ म्हणाले, “मला काय नाही झालं, पण बरं वाटलं.” त्यांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. अवधूतने सुमतीबाईंकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत पाढे पाठ झालेल्या मुलाचा आनंद होता.

“मॅडम, मग अडलंय कुठं?” शेठनी विचारले.

“थोडा वेळ बसू या,” बाई म्हणाल्या. “पाणी मिळेल का?”

पाणी आले. प्रतिकृतीचे कौतुक झाले. बाईंनी जिन्याला कठडा एकाच बाजूला का आहे, हे विचारून घेतले. आणि मग टेबलावरचा शेठचा फोन एकदाच वाजला आणि बंद झाला.

“एक मिनिट हां, आई आहे,” शेठ म्हणाले, आणि समोर बसलेल्या सगळ्यांना विसरून त्यांनी फोन लावला. “बोल गो आये, काय झाला?”

पलीकडचा आवाज ऐकायला स्पीकरची गरज नव्हती. “काय नाय झाला. ती चष्मेवाली बाय बोलली, सकालचे बैठकीला एक मिस कॉल दे. म्हनून दिला. तू जेवलास का?”

शेठनी फोन खाली ठेवला. चेहऱ्यावरचा मोकळेपणा थोडा आत गेला होता. “मॅडम, माझ्या आईला कामाला लावलंत तुम्ही?”

“हो. चाचणी होती,” बाईंनी सरळ सांगितले. “आईंनी फोन कट केला होता. तुम्ही परत का लावलात?”

“का म्हणजे? आईचा मिस कॉल होता.”

“कट केला म्हणजे त्या ठीक असतील, असं नाही वाटलं?”

“असं कसं वाटेल? कट केला म्हणजेच काहीतरी काम असणार ना.”

“या बटणाला तसं वाटत नाही,” बाई म्हणाल्या. त्यांनी आपल्या फोनवर लाल वर्तुळ दाबले, एकदा वाजू दिले, कट केले आणि फोन शेठच्या समोर सरकवला. शेठनी वाचले. ‘आपण सुरक्षित आहात याचा आम्हाला आनंद आहे.’ मग एकदा मोठ्याने वाचले, जणू ते कुणीतरी त्यांच्या तोंडावर म्हटले होते.

त्यांनी अवधूतकडे पाहिले. अवधूतने निनादकडे पाहिले. निनाद म्हणाला, “सर, चूक माझी आहे. मी मिस कॉल हा प्रकार धरलाच नव्हता.” हे वाक्य अवधूतच्या सादरीकरणात कुठेही नव्हते.

“आई पडली होती काय?” शेठनी बाईंना अचानक विचारले.

“ते तुम्ही आईंना विचारा,” बाई म्हणाल्या. आपण काहीच सांगितले नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पण जमिनीच्या व्यवहारात मुरलेल्या माणसाला न दिलेले उत्तर वाचता येते. शेठ बराच वेळ त्या छोट्या टॉवरच्या वरच्या मजल्यांकडे बघत राहिले.

“दसऱ्याला क्लबहाउसचं उद्घाटन करू,” शेवटी ते म्हणाले. “बटन मागाहून. मॅडम बोलतील तवा.”

त्याच संध्याकाळी शेठनी आईला विचारले. गुणाबाईंनी “मी कवा पडली? कोन बोलला?” म्हणून त्यांनाच फैलावर घेतले. पुढच्या आठवड्यात न्हाणीघरात खरखरीत फरशी बसली. याहून जास्त त्या घरात कुणी कबूल केले नाही.

करार टिकला, पण अवधूत काही दिवस काकूंशी फक्त कामापुरते बोलला. बाईंना ते सोयीचेच पडले, कारण काम भरपूर होते. निनादने हिरवी खूण काढून टाकली. कट झालेला फोन आता निशाच्या पडद्यावर सगळ्यांत वर येई आणि तिने उलट फोन लावायचा होता. ती खिशांशी बोलेल तर बोलो, पण आधी ते खिसे आहेत याची खात्री करील. बाईंनी ऑफिसात ते सगळे उलटेपालटे करून पाहिले, आणि निनादला घेऊन त्या पुन्हा उलव्याला गेल्या.

गुणाबाईंनी बटण दाबले, एकदा वाजू दिला, कट केला. लगेच फोन वाजला. निनादने नकळत मूठ आवळली. गुणाबाईंनी पडद्याकडे पाहिले आणि फोन वाजत वाजत बंद होऊ दिला.

“मावशी, उचला ना!”

“कोनाचा नंबर हाय ठावं नाय. दलाल असल. विमानतल झाला तवापासून दिसभर फोन, जमीन हाय का, पलॉट हाय का. काशिराम बोललाय, नाव नाय तो नंबर उचलायचा नाय.”

निनाद सोफ्यावर बसला. त्याने लिहिलेली एकही ओळ चुकलेली नव्हती.

“लिहून घे,” बाई त्याला म्हणाल्या. आवाजात सहानुभूती नव्हती, उत्साह होता. “सगळ्या गावांतून हेच असणार. उलवे झालं, त्याच्या पुढची गावं झाली. जिथं जमीन, तिथं दलाल. आपला नंबर आधीच नावानं फोनमध्ये बसायला हवा.”

“नाव चष्म्याबिगर दिसत नाय,” गुणाबाईंनी आठवण करून दिली.

“मग फोटो.”

“कोनाचा?”

यावर बराच खल झाला. निनादने कंपनीचे चिन्ह सुचवले. गुणाबाईंनी ते पाहून ही बँक आहे का, असे विचारले. शेवटी निशाचा फोटो घालायचा ठरला, पडदा भरून, आणि तिच्या जोडीदारणीच्या पाळीला तिचा. अवधूतला हे फार घरगुती वाटले. बाईंनी त्याला विचारले की माणसे पडतात कुठे, घरात की कॉन्फरन्सला. तो हसला. बैठकीनंतर प्रथमच हसला.

तिसऱ्या खेपेला बाई एकट्याच गेल्या. बैठकीच्या खोलीत चालते हे आता पुरे नव्हते. त्यांनी गुणाबाईंना न्हाणीघरात प्लास्टिकच्या स्टुलावर बसवले, चष्मा काढून घेतला, हात ओले करायला सांगितले आणि दार बाहेरून ओढून घेतले. जाड भिंत, बंद दार, अकरावा मजला. फोनची रेंज जायची असेल तर इथेच जाईल. त्या दाराबाहेर हातात फोन घेऊन उभ्या राहिल्या. अहवालाचे पान उघडले होते आणि सहीची जागा रिकामी होती.

“दाबू गो?” आतून आवाज आला.

“तुम्ही पडलात असं समजा. मी इथं नाहीच.”

आत एकदा वाजले आणि थांबले. सुमतीबाई घड्याळाकडे बघत नव्हत्या, आणि हे त्यांच्या बाबतीत विशेषच. मग आत फोन वाजला. एकदा. दोनदा.

“ही कोन गो, गोड पोरगी?” गुणाबाई स्वतःशीच म्हणाल्या, आणि मग मोठ्याने, “हां, बोल.”

निशाचा आवाज दारातून बारीक येत होता. “गुणाआजी, मी निशा बोलतेय. तुम्ही पडलात का? कुठं दुखतंय का?”

“दुखतय ते मागनं सांगते. तू कंचे गावची?”

“मी… मोऱ्याची, आजी. पण तुम्हाला त्रास काय होतोय?”

“मोऱ्याची? बंदराला? कोनाची पोर तू? कमलाबायचे घरची तर नाय?”

निशाच्या पडद्यावर प्रश्न ओळीने लावलेले होते आणि त्यांत हा कुठेच नव्हता. “कमळाबाई माझी आत्या,” ती अखेर म्हणाली, आणि लगेच सावरून, “आजी, आधी सांगा, तुम्हाला उठता येतंय का?”

“येतय गो, येतय. न्हानीत बसलेय नुसती. आता सांग, आत्याचा गुडघा कसा हाय?”

सुमतीबाईंनी अहवालावर ‘पास’ लिहिले. खाली सही केली. मग थोडा विचार करून सहीखाली एक ओळ जोडली: आजी गप्पांत शिरल्या तरी उठता येते का हे आधी विचारून घेण्याची निशाची पद्धत दुसऱ्या मुलीलाही शिकवावी. हे सगळे त्यांनी अवधूतला पाठवून दिले आणि दारावर टकटक केले.

“मावशी, झालं. या बाहेर.”

“थांब गो बाय,” आतून उत्तर आले, “मी फोनवर हाय.”